दक्षिण साताऱ्यातलं स्वयंपाकघर

सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एका बंगल्याच्या कागदपत्रांत जिल्हा म्हणून 'दक्षिण सातारा' लिहिलेलं आहे. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पाडले गेले. दक्षिणेकडच्या भागाला सांगली हे नाव १९६० साली मिळालं. बंगला १९५७ चा. ज्या नावाच्या जिल्ह्यात तो बांधला गेला ते नाव नकाशावर जेमतेम अकरा वर्षं टिकलं. पण त्या सुमारास सातारा आणि सांगली या दोन्ही गावांत घर बांधण्याची जी रीत रुळली ती अजून इथे-तिथे उभी आहे. सिमेंटची सपाट गच्ची, खिडक्यांवर पुढे काढलेले छज्जे, गोल कोपऱ्याचा व्हरांडा, मोझॅकची जमीन आणि मागे परसदाराला लागून स्वयंपाकघर. परदेशी मासिकं अशा घरांना 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणतात आणि त्यांचे रंगीत फोटो छापतात. आपण त्यांना 'जुन्या पद्धतीचा बंगला' म्हणतो आणि बिल्डरला देऊन टाकतो.

हा बंगला दिला गेला नाही. त्याचं स्वयंपाकघर अलीकडे नव्यानं करून घेतलं, आणि ते इतकं जमून आलंय की एखादी कविता समजून घ्यावी तसं ते सावकाश पाहावं असं मला वाटलं. घर ओळखीतलं आहे, माणसांची नावं इथे नकोत. घरच्या काकू ऐंशीच्या घरात आहेत, सूनबाई त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहेत, आणि या उंचीच्या फरकाला पुढे महत्त्व येणार आहे.

आधी मूळ संहिता. जुनं स्वयंपाकघर जपायचं म्हणताना आपण असं धरून चालतो की ते कायम तसंच होतं. प्रत्यक्षात १९५७ चं हे स्वयंपाकघर स्वतःच एक मोठा बदल होता. काकूंच्या सासूबाई सांगलीच्याच गावभागातल्या वाड्यातून इथे आल्या. वाड्यात चूल जमिनीवर, स्वयंपाक पाटावर बसून, चिरणं विळीवर, वाटण पाट्यावर, पाणी घडवंचीवरच्या हंड्यात. नव्या बंगल्यात खिडकीखाली कडप्प्याचा उभा ओटा आला. पण घर बांधणाऱ्याचा त्या ओट्यावर पुरता विश्वास नसावा, कारण विरुद्ध कोपऱ्यात त्यानं वीतभर उंचीचा चुलीचा कट्टा आणि वर धुराडंही करून ठेवलं. चहा आणि भाजी-आमटी ओट्यावरच्या स्टोव्हवर, उभ्यानं; भाकरी चुलीवर, बसून. एकाच खोलीत दोन काळ समोरासमोर. ओट्याची भिंत पांढरी राहिली आणि धुराड्याची काळी झाली, त्यावरून कुठे किती शिजलं ते आजही सांगता येतं.

आता जगाच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरण पाहा. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली फ्रँकफुर्टच्या कामगार वस्तीसाठी एक स्वयंपाकघर आखलं. आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनची ती पणजी. रुंदी दोन मीटरहून कमी, लांबी साडेतीन मीटरच्या आत, प्रत्येक पाऊल मोजलेलं, अशी ती दहा हजारांच्या आसपास घरांत बसवली गेली. त्यात बाईंनी एक फिरतं स्टूल ठेवलं होतं, उभं राहून थकलेल्या गृहिणीला कामं बसून करता यावीत म्हणून. तिकडे आधुनिक स्वयंपाकघरानं बाईला बसायला जागा दिली, आणि आपल्याकडे त्याच आधुनिकतेनं जन्मभर बसून रांधणाऱ्या बाईला उभं केलं. हा उलटा प्रवास लक्षात घेतला नाही तर आपल्या जुन्या ओट्याचा अर्थ लागत नाही. तो नुसता दगडाचा तुकडा नाही. एका पिढीनं गुडघ्यांवर हात ठेवून उठण्याची ती जागा आहे.

नूतनीकरणाची चर्चा सुरू झाली तेव्हा ज्यानं त्यानं पहिला घाव या ओट्यावरच घातला. तीस इंच उंची, आजच्या मानानं ठेंगणा. हल्ली चौतीस इंच सर्रास धरतात. शिवाय खालचे कप्पे उघडे, कडप्प्याच्या उभ्या लाद्यांचे. काढून टाका, असा सल्ला मिळाला. सूनबाईंचं म्हणणं वेगळं पडलं, आणि माझ्या मते या घराचा सगळा डौल त्या एका म्हणण्यातून आला. त्या म्हणाल्या, वाकून चिरताना पाठ दुखते हे खरं, पण कणीक मळताना आणि पोळ्या लाटताना हाच ओटा बरा, वरून जोर येतो. यात शास्त्रही आहे. मळायला, लाटायला पृष्ठभाग कोपराच्या बराच खाली लागतो. चिरायला, निवडायला, भांडी विसळायला वर लागतो. ओट्यावर ठेवायची शेगडी चार-पाच इंच वर येते, मग तीस इंचांच्या ओट्यावरचं पातेलं बरोबर हाताच्या उंचीला येतं. तीच शेगडी चौतीस इंचांवर ठेवली की कुकरमध्ये डोकावताना खांदे वर काढावे लागतात. याउलट सिंकचा तळ ओट्याच्या खाली जातो, म्हणून सिंक उंच ओट्यातच हवं.

तेव्हा जुना ओटा होता तिथेच राहिला, शेगडी आणि पोळपाट त्याच्यावर. समोर, जिथे चुलीचा कट्टा होता त्या बाजूला, पस्तीस इंचांचा नवा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा झाला. सिंक आणि चिरायची जागा त्याच्यावर. माप काढायला मिस्त्रीनं दोघी सासू-सुनांना उभं करून कोपरापासून खाली टेप लावली. दोन उंचींमुळे खोलीला एक लय आली आहे. लाटताना हात खाली, चिरताना वर, आणि मधल्या दोन पावलांत पाठ सरळ होते.

ही मापं घेण्याची पद्धत सांगलीला नवी नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, आणि त्या सांगलीच्याच. त्यांनी पाककृती ग्रॅमात न सांगता वाटी-चमच्यात सांगितल्या, कारण घरात तराजू नसतो, वाटी असते. या स्वयंपाकघरातही इंच पुस्तकातून न घेता माणसांवरून घेतले गेले. मला ही दोन कामं एकाच जातीची वाटतात.

नव्या ओट्याचा दगड काळाच का, यालाही गावाचं उत्तर आहे. डिझायनरनं पांढरा क्वार्ट्झ सुचवला होता, छायाचित्रात सुंदर दिसतो. पण हळदीची बाजारपेठ म्हणून देशभर नाव असलेल्या या गावात, जिथे हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत पिढ्यान् पिढ्या हळद साठवली जायची, तिथे पांढरा ओटा म्हणजे रोजची कटकट. क्वार्ट्झमध्ये राळ असते आणि हळदीचा पिवळा डाग तिला धरून बसतो. ऊन दाखवलं तर हळदीचा रंग उडतो, पण ओटा उन्हात नेता येत नाही. कडप्प्याची खोड निराळी. तो चुनखडीचा दगड, हळद त्याच्यावर दिसत नाही, पण चिंचेचा कोळ किंवा लिंबू सांडलं तर आम्लानं तकाकी जाऊन पांढुरका ठिपका पडतो. जुन्या ओट्याला पॉलिश करून घेतल्यावर असे साठ वर्षांचे ठिपके गेले. महिन्याभरात नवे आले. काकूंना त्याचं काही वाटत नाही. आठवड्याला खोबरेल तेलाचा बोळा फिरवतात आणि पुढे जातात.

आता या रचनेतली मला सर्वांत आवडलेली जागा. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधली नऊ इंची विटांची भिंत सगळ्यांना नको होती. हल्लीच्या रिवाजानं ती सपशेल पाडली असती. पण १९५७ च्या घरात खांब-तुळयांचा सांगाडा नाही, भिंतीच स्लॅबचं ओझं पेलतात. आणि सातारा-सांगली ही दोन्ही गावं कोयनेच्या शेजारची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे पाटण तालुक्यात कोयनानगरला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. दगड-मातीची घरं कशी बसली हे साताऱ्या-सांगलीच्या जुन्या माणसांना अजून आठवतं, आणि भिंतीला हात लावायचा म्हटलं की ती इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. इंजिनिअरनं सहा फुटांची मोकळीक दिली, वर लोखंडी गर्डर टाकायला लावला, दोन्ही बाजूंना भिंतीचे खुंट ठेवायला सांगितले.

भिंत निघाली आणि जमिनीवर सहा फूट लांब, नऊ इंच रुंद अशी उघडी पट्टी राहिली, कारण भिंतीखाली फरशी नसते. दोन्ही खोल्यांची मोझॅक वेगळी आहे. स्वयंपाकघरात राखाडीवर पांढरी खडी, जेवणघरात पिवळट जमिनीवर लाल-काळी. नेहमीचा उपाय म्हणजे दोन्ही उखडून सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल घालणं. इथे त्या पट्टीत सरळ काळा कडप्पा बसवला. इथे भिंत होती हे जमीन स्पष्ट सांगते, काही लपवत नाही, आणि दोन रंगांच्या मध्ये ती काळी रेघ यतीसारखी पडते. जेवणघरातून आत येताना पाऊल तिच्यावर क्षणभर थबकतं. काकू सणासुदीला त्या पट्टीवर रांगोळीची दोन बोटं ओढतात. ठरवून कुणी हे केलं नसेल, पण चांगल्या रचनेत न ठरवलेल्या गोष्टींनाही जागा मिळते.

मोझॅकबद्दल थोडं विस्तारानं लिहायला हवं, कारण तिची किंमत लोकांना उखडून झाल्यावर कळते. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी मिसळून साच्यात दाबून ती लादी पाडत, पाण्यात मुरवत, आणि जमिनीवर बसवल्यानंतर दगडी चाकाच्या मशीननं घासून चमकवत. खडीचा थर चांगला जाड असल्यामुळे पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा घासली तर आतून तीच फरशी नव्यानं वर येते. आजच्या छापील टाइलचा रंग वरच्या पापुद्र्यात असतो, तो गेला की गेला. इथे सिंकच्या जुन्या जागेजवळच्या काही लाद्या फुटल्या होत्या. तशा बाजारात मिळाल्या नाहीत. मग कोठीच्या खोलीतून, जिथे आता धान्याच्या कणगीऐवजी वॉशिंग मशीन आलं आहे, तिथून शाबूत लाद्या काढून इकडे बसवल्या आणि कोठीत साधी शहाबादी घातली. शब्द कमी पडला म्हणून आपल्याच जुन्या वहीतून काढावा, तसा हा मामला.

फडताळाची गोष्ट लहान आहे. भिंतीतच बसवलेलं सागवानी दारांचं, पितळी कडीचं. सुतारानं दारं उतरवून घासली, तेल दिलं, परत चढवली. आतल्या फळ्या मात्र काढून पूर्ण बाहेर येणारे स्टीलचे खण बसवले, कारण ऐंशीच्या काकूंना मागच्या रांगेतला डबा हात घालून काढता येत नाही. बाहेरून १९५७, आतून आज. दार उघडल्यावर खण घरंगळत पुढे येतो तेव्हा पाहुणे दचकतात, आणि त्या दचकण्याचा घरच्यांना अजून कंटाळा आलेला नाही.

काय ठेवलं याइतकंच काय टाकलं हेही वाचायला हवं. लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग सगळी काढली. कोयनेची वीज १९६२ पासून निर्माण होऊ लागली, त्याच्या आसपासच्या काळातल्या या घरात स्वयंपाकघरात एक दिवा आणि एकच प्लग होता. फ्रिज, मिक्सर, ओव्हन, पाण्याचं यंत्र असं सगळं त्या तारेवर चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण. गंजलेले लोखंडी नळ गेले. काळी गोल बटणं सूनबाईंना हवी होती. तशी दिसणारी नवी मिळाली, आतून आजच्या दर्जाची. धुराड्याचं तोंड बुजवलं नाही. इलेक्ट्रिक चिमणीचा पाइप त्यातूनच वर काढला, नवं भोक पाडावं लागलं नाही. खिडकीवरची सिमेंटची जाळी तशीच आहे, मागे डासांसाठी बारीक जाळी लागली. चिमणी बंद असली तरी फोडणीचा ठसका त्या जाळीतून बाहेर जातो. एकेकाळी शेजारी आज काय शिजतंय ते तिच्यामुळेच कळायचं.

खाली, जुन्या ओट्याचे कडप्प्याचे कप्पेही उघडेच ठेवले. प्लायवूडच्या शटरांचा आग्रह झाला होता. विश्रामबाग उंचावर आहे, पण गावभागातल्या नातेवाइकांची आठवण ताजी होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि ओसरल्यावर ज्या घरांत मॉड्युलर किचन होतं तिथे फुगलेल्या प्लायचे ढीग रस्त्यावर आले. दगडाचे कप्पे धुतले की झाले. सांगलीत ओट्याखाली दगड हवा हे मत पुरानं दिलेलं आहे, कुणा सजावटकारानं नाही.

आता खटकणारी जागा. जेवणाच्या टेबलावर एक प्रभाकर कंदील टांगलाय. कराडजवळच्या ओगलेवाडीचा, अस्सल, काचेसकट. एकेकाळी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ज्याच्या उजेडात लोक जेवले तो हा कंदील. त्यात आता एलईडी बल्ब घातला आहे आणि त्याचा उजेड ताटात न पडता डोळ्यांत जातो. सगळ्या घरात हा एकच अलंकार असा आहे की ज्याला काम नाही. कंदील म्हणून तो विझलेला आहे आणि दिवा म्हणून कमकुवत. काढून कपाटावर ठेवला असता आणि वीज गेल्यावर रॉकेल मिळो न मिळो, निदान पुसून पाहिला असता, तर मला अधिक आवडलं असतं. घरातल्या तरुण मंडळींना तो फार प्रिय आहे, त्यामुळे माझं मत तिथे चाललं नाही.

साताऱ्यात सदर बझारमध्ये त्याच काळातला एक बंगला पाहिला, तिथे हाच दोष घरभर पसरला आहे. खर्च कितीतरी जास्त झालेला दिसतो. ओटा काढला, मोझॅक काढली, आणि मग जुनेपणा यावा म्हणून बाजारातून जुन्या वस्तू आणल्या. जात्याच्या तळीवर काच ठेवून चहाचं टेबल, पाटा-वरवंटा दाराशी कुंड्यांच्या ओळीत, पितळी बंबातून मनी प्लांट. सगळं देखणं, आणि एकाही वस्तूला हात लागत नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा तो सुंदर वारा आत यायचा ती मागची जाळी काचेनं बंद केली आणि वर एसी लावला. त्या स्वयंपाकघरात जुनं आणि नवं एकमेकांशी बोलत नाहीत. एक फोटोसाठी उभं आहे, दुसरं कामाला जुंपलेलं.

विश्रामबागेतल्या पाट्याला मात्र अजून काम आहे. तो नव्या ओट्याच्या टोकाशी, कमरेच्या उंचीवर, दगडाच्या खाचेत बसवलाय. जमिनीवर बसून वाटणं काकूंना जमत नाही, उभ्यानं जमतं. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि दाण्याची चटणी अजून त्यावरच होते, बाकी सगळं मिक्सरला. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी बाई शोधावी लागते. पूर्वी तिची हाक गल्लीतून यायची, आता निरोप पाठवावा लागतो. चुलीपाशी बसलेली बाई १९५७ साली ओट्यापाशी उभी राहिली, पाटा मात्र जमिनीवरच राहिला होता. अर्धं राहिलेलं ते काम या दुरुस्तीनं पुरं केलं. नव्या भागातली ही सर्वांत जुन्या वळणाची आणि तरीही सर्वांत नवी कल्पना, असं माझं मत आहे.

ज्यांच्या वाट्याला असं घर आलं आहे त्यांना एवढंच सांगेन. तोडफोडीचा ठेका देण्याआधी ओट्याची उंची मोजा आणि त्यावर कोण काय करतं ते एक सणाचा दिवस धरून पाहा. भिंत पाडायची असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. आणि फरशी उखडायचीच ठरली, तर पहिल्या दिवशी घण न घालता छिन्नीनं कडेच्या काही लाद्या शाबूत काढून घ्या आणि कोरड्या जागी उभ्या रचून ठेवा. तसल्या लाद्या आता सहजासहजी मिळत नाहीत.